खिळ्यापर्यंत लाकूड

लुइस्टन, ४ मार्च १९८१

वहिनी,

आज आधी भांडण आणि मग खुशाली.

काल तुझ्या लेकीचा फोन आला. जानीन रडणार असली की आधी हवापाण्याचं बोलते, हे तुला ठाऊक आहेच. हार्टफर्डचं हवापाणी ऐकता ऐकता माझा चहा गार झाला, तेव्हाच ओळखलं की काहीतरी भयंकर आहे. मग म्हणाली, "काका, जानेवारीत आईच्या धुराड्यानं पेट घेतला होता. मला आत्ता सांगितलं, आणि तेसुद्धा प्लोयचं धिरडं तव्यावर जरा करपलं म्हणावं तसं!"

वहिनी, पेटलेलं धुराडं म्हणजे करपलेली प्लोय नव्हे. मी त्याच घरात वाढलो. एकदा लहानपणी तो आवाज ऐकला आहे. भिंतीच्या आत कुणीतरी मोठं जनावर घुसमटतं आहे असं वाटलं होतं. दादानं ओल्या गोणपाटांनी विझवलं होतं. यंदा कुणी विझवलं? तूच ना? शिडीवर चढून? सत्तरीत?

दादाला जाऊन दोन हिवाळे झाले. पुढच्या सालचं लाकूड आदल्या सालीच रचून ठेवायची त्याची खोड, म्हणून माणूस गेल्यावरही त्याच्या लाकडानं घर गरम राहिलं. हा तिसरा हिवाळा. लाकूड संपलं, तू फोडलेलं विकत घेतलंस, ते ओलं निघालं. ओल्या लाकडाचं डांबर धुराड्यात साठतं आणि एक दिवस पेटतं. मी तेल विकून मोठा झालो म्हणून लाकडाचं विसरलो, असं समजू नकोस.

आता ऐक. माझ्या गोदामात तेलावर घर तापवणारी भट्टी पडून आहे, नवी कोरी. माझा रॉबेर दोन माणसं घेऊन येईल आणि तळघरात बसवून देईल. टाकी मी भरत जाईन, तुझ्या हयातीपर्यंत. तू भिंतीवरचं बटण तेवढं फिरवायचंस. हे नको असेल तर जानीनकडे जा. तिनं तुझ्यासाठी खोली रंगवून ठेवली आहे, फिकट पिवळी. घराला गिऱ्हाईक मी बघतो.

तिसरा रस्ता मला दिसत नाही.

तुझा हट्टी दीर,
आल्सिद

---

सेंत-आमाब्ल, १२ मार्च

आल्सिद,

पाकीट जरा नीट चिकटवत जा. शेजारची आडेल पोस्टातून तुझं पत्र घेऊन आली आणि दारातच म्हणाली, "मग काय, तेलाची भट्टी घेणार का गं?" बिचारीचा नवरा वर्षभर अंथरुणाला खिळलेला. तिला दुसरी करमणूक नाही, म्हणून सोडून दिलं.

तुझी भट्टी तुझ्या गोदामातच ठेव. रात्री घरात कुणीतरी श्वास घेतंय अशी ती वाजते, आणि बंद पडली की लुइस्टनहून माणूस येईपर्यंत मी कुडकुडत बसायचं. जानीनला सांग, फिकट पिवळा रंग मला आजारी करतो.

धुराड्याचं म्हणशील तर चूक लाकडाची नाही, माझी आहे. फोडलेलं लाकूड विकत घेणं म्हणजे झाकलेलं पातेलं विकत घेणं. वर सुकं, खाली ओलं, आणि हे कळेपर्यंत विकणारा चार गावं पुढे गेलेला. अख्ख्या ओंडक्याला ही लबाडी जमत नाही. साल बघितली की जात कळते, बुंधा बघितला की कधी तोडला ते कळतं. ओला आहे हे तो तोंडावर सांगतो, आणि सुकवायचं आपल्या हातात असतं. चाळीस वर्षं आम्ही दोघांनी ओंडकेच घेतले. मी एकटी झाले आणि फोडलेल्याच्या मोहात पडले. पुन्हा पडणार नाही.

तेव्हा हा घे तुझा तिसरा रस्ता. क्लोव्हिस ड्युबेला मी ट्रकभर ओंडके सांगितले आहेत. जमीन गोठलेली आहे तोवर आणून टाकेल. एकदा चिखल झाला की त्याचा ट्रक अंगणात रुतेल आणि तो मे महिन्यापर्यंत तिथंच जेवायला बसेल. ते ओंडके मी कापणार, फोडणार, रचणार. मी, दुसरं कुणी नाही.

पडवीच्या खांबावर तुझ्या दादानं, ओनेझिमनं मारलेला खिळा तुला आठवत असेल. रास खिळ्यापर्यंत गेली की हिवाळा निघतो. सर्व संतांच्या दिवशी, एक नोव्हेंबरला, पडवीतला लाकडाचा खण खिळ्यापर्यंत भरलेला नसला, किंवा लाकूड ओलं निघालं, तर मी स्वतः बॅग भरून जानीनकडे जाईन, त्या पिवळ्या खोलीत. तू निवाडा कर. लोकांच्या भट्ट्या नुसत्या ऐकून कुठला भाग बिघडला ते सांगत तू धंदा वाढवलास ना? मग लाकडाचे दोन तुकडे एकमेकांवर आपटून ऐक. सुकं वाजतं, ओलं बद्द बोलतं.

आणि तोवर मध्ये नाक खुपसायचं नाही.

देलिमा

---

लुइस्टन, २० मार्च

वहिनी,

कबूल. हरशील, पण कबूल.

मात्र मी व्यापारी माणूस, तेव्हा करारात माझी एक ओळ घाल. सर्व संतांच्या दिवशी पडवीत जे जे असेल ते सगळं सुकं पाहिजे. खिळ्यापर्यंत सुकं आणि मागं कुठंतरी ओलं दडवलेलं, हे चालणार नाही. अशा चलाख्या मी स्वतः तरुणपणी केल्या आहेत, त्यामुळे ओळखतो.

जानीनला मी हे कसं समजावलं ते विचारू नकोस. "काका, तुम्ही आईच्या बाजूचे की माझ्या?" म्हणाली. मी म्हटलं, पोरी, मी हिवाळ्याच्या बाजूचा. तो नेहमी जिंकतो.

एक विचारतो. करवत कुठली वापरणार? दादाची ती अवजड मोटरची करवत मला उचलत नव्हती.

आल्सिद

---

सेंत-आमाब्ल, २२ एप्रिल

आल्सिद,

ईस्टर झाला, घसा बसला, प्रार्थना मात्र खणखणीत म्हटली.

क्लोव्हिस मार्चच्या शेवटी आला. ट्रकवरचा लोखंडी पंजा ओंडके असा उचलून ठेवत होता, जणू पाद्रीबुवा बाळांना बाप्तिस्मा देताहेत. मी आधीच खाली दोन जाड वासे आडवे टाकून ठेवले होते, मातीला ओंडका लागता कामा नये म्हणून. तो म्हणाला, "मावशी, तुम्ही तर टेबल मांडून ठेवलंय!" मी म्हटलं, पाहुणे बरे निघाले तर वाढीन. बहुतेक अ‍ॅश, बराचसा मेपल, थोडा बर्च. आणि तळाशी लपवलेला एक लठ्ठ पॉप्लर. मी बोट दाखवलं. म्हणाला, "हा चुकून आला वाटतं." म्हटलं, चुकून आला तसा चुकून जाऊ दे. पॉप्लर जाळणं म्हणजे वर्तमानपत्र जाळणं, ऊब कमी आणि बातमी जास्त. पंजानं मुकाट्यानं परत उचलला, वर एक अ‍ॅश जास्तीचा देऊन गेला. ओनेझिम असता तर हसून पाय आपटले असते.

करवत माझी नवी आहे, लहान, हलकी. तुझ्या दादाची तेलपाणी करून भिंतीला टांगली आहे, शोभेला. माझा नेम असा की रोज एक टाकी पेट्रोल. टाकी रिकामी झाली की ओंडका अर्धा राहिला असला तरी करवत खाली ठेवायची. लोक हात तोडून घेतात ते टाकी दुसऱ्यांदा भरल्यावर. मग बसून साखळीला कानस लावायची, प्लोय खायची, आणि दुपारी आदल्या दिवशी कापलेल्या गंडेऱ्या फोडायच्या. लांबी मोजायला ओनेझिमची काठी आहे, शेगडीच्या तोंडाएवढी, वर त्याच्या दातांच्या खुणा.

अ‍ॅश आधी घेतला, कारण तो लवकर सुकतो. गंडेरी ठोकळ्यावर ठेवली, कुऱ्हाड नुसती पडू दिली, की दोन भाग, जसं काही त्यालाच घाई होती. त्यानंतर बर्च. तो फोडला नाही तर आपल्याच सालीत कुजतो, घुम्या माणसासारखा. मेपल शेवटी. मेपलला मधोमध मारायचं नाही, कडेकडेनं सोलत जायचं. गाठीचे तुकडे मी वेगळे टाकते. कडाक्याच्या थंडीत तेच सकाळपर्यंत निखारा धरतात.

सांगायचं म्हणजे, सकाळी उठल्यावर काय करायचं हा प्रश्न दोन वर्षांनी सुटला आहे.

देलिमा

---

लुइस्टन, १५ जून

वहिनी,

तुझं एप्रिलचं पत्र मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही, तू शेफारशील. रॉबेरलाही वाचून दाखवलं. "बाबा, ही बाई आपल्या कंपनीत हवी होती," म्हणाला. म्हटलं, असती तर कंपनी तिची असती आणि आपण दोघं ट्रक धुत असतो.

पण आता एक गोष्ट कानावर आली आहे. कुठून ते विचारू नकोस. तुझ्या अंगणातून करवतीचा आवाज गेला आठवडाभर आलेला नाही. कुऱ्हाडीचाही नाही. तू बाहेर दिसतेस, कोंबड्यांना दाणे टाकतेस, पण लाकडाकडे पाठ करून.

दमलीस ना? त्यात लाज कसली? अर्ध्या वयाचे पुरुष त्या ढिगाकडे बघून आजारी पडतात. तुला मानभंग नको म्हणून मी गुपचूप एक व्यवस्था केली आहे. शनिवारी एक ट्रक येईल. फोडलेलं, दोन वर्षं सुकवलेलं लाकूड, मी स्वतः निवडलेलं, वाजवून घेतलेलं. दारासमोर टाकून जाईल. ओरडू नकोस. करार कराराच्या जागी आणि ऊब उबेच्या जागी. ते पडवीत रच आणि जानीनला आपण दोघं काही सांगणार नाही.

तुझा काळजीवाला,
आल्सिद

---

सेंत-आमाब्ल, २८ जून

मूर्ख माणसा,

लुइस्टननं तुझं डोकं इतकं मऊ केलं का? तू इथं जन्मलास! कुणाच्या दारात फोडलेलं लाकूड ओतलेलं दिसलं, आणि ते घर आपलं लाकूड आपण फोडणाऱ्याचं असलं, तर त्याचा अर्थ या खोऱ्यात काय होतो ते तू विसरलास?

शनिवारी संध्याकाळी मी कोंबड्या कोंडत होते, तेवढ्यात तुझा ट्रक ढीग ओतून गेला. रविवारी अख्खं गाव चर्चला माझ्याच दारावरून गेलं. कुणी थांबलं नाही, कुणी बोललं नाही, पुरुषांनी टोप्या काढल्या. टोप्या, आल्सिद! चर्चमध्ये माझ्या दोन्ही बाजूंच्या बायकांनी मला हात धरून उभं केलं, मी धडधाकट उभी राहत असताना. दुपारपर्यंत घरात कोंबडीच्या रश्श्याची चार पातेली. आडेल आली ती रडतच. "देलिमा, कधी कळलं गं तुला? डॉक्टर काय म्हणाले?" मी म्हटलं, डॉक्टर म्हणाले शेजारणीपासून जपा.

आणि संध्याकाळी पाद्रीबुवा आले. हातात आजाऱ्यांना लावायचं पवित्र तेल! तेलवाल्या, तुझी पाठवणी तेवढीच राहिली होती. मी त्यांना पडवीत नेलं, माझी अ‍ॅशची रास दाखवली, म्हटलं बुवा, मरणाऱ्या बाईला ही रास रचता आली असती का? त्यांनी एक तुकडा उचलला, वास घेतला, बाटली खिशात घातली, आणि चार पातेल्यांतलं एक रिकामं करूनच गेले.

तुझं लाकूड मी ठेवलेलं नाही. आडेलच्या पडवीत क्लोव्हिसकडून रचून घेतलं. तिच्या नवऱ्याला उठवत नाही, तिला खरंच गरज होती, आणि माझ्या हातून गेलं म्हणून तिला मागावं लागलं नाही. तेवढं पुण्य तुझ्या नावावर मांडते.

आवाज बंद होता कारण मी साखळीला धार लावत होते. आठवडाभर, हो. नीट लावायला वेळ लागतो. तुझ्या हेराला सांग, तिच्या खिडकीचा पडदा माझ्या करवतीच्या तालावर हलतो हे मला दिसतं.

आता सर्व संतांच्या दिवसापर्यंत मी तुला पत्र लिहिणार नाही. लिहायला बसले की रागानं कागद फाटतो, आणि हात मला दुसऱ्या कामाला हवा आहे.

देलिमा

---

लुइस्टन, ३ जुलै

वहिनी,

टोप्यांचं वाचून मी खुर्चीतून उठलो आणि बराच वेळ खिडकीशी उभा राहिलो. इथं कुणाच्याही दारात काहीही ओतलं तरी कुणी बघत नाही. तीस वर्षं इथं राहिलं की माणूस तेच खरं मानायला लागतो.

चुकलो. उत्तर देऊ नकोस. हात जप.

आल्सिद

---

लुइस्टन, २० ऑगस्ट

वहिनी,

उत्तर नको म्हणालो होतो, ते तू फारच मनावर घेतलंस. आडेलही आता फोनवर नुसतं "बरी आहे, बरी आहे" म्हणते. तिला तू फितवलंस की रश्श्यानं फितवलं?

साखळीला आठवडाभर धार लावत नाहीत. हे मी जूनमध्येच लिहिणार होतो.

आल्सिद

---

लुइस्टन, २१ सप्टेंबर

वहिनी,

आता मला काय शिव्या द्यायच्या त्या दे. मी येऊन गेलो.

घरात पाऊल टाकलं नाही. करार पाळला. पण दादाच्या थडग्यावर जायला मला कुणाची परवानगी लागत नाही, आणि दफनभूमीची भिंत तुझ्या शेताला लागून आहे याला माझा इलाज नाही. अख्खा दिवस गाडी चालवत आलो. बटाट्याची काढणी चालू, रस्त्यावर माती, हवेत तो वास. दादापाशी फुलं ठेवली आणि भिंतीला टेकून बसलो.

आधी काहीच ऐकू येईना. मला वाटलं, संपलं. नंतर आवाज आला. टण. थांबून पुन्हा टण. कुऱ्हाडीचा नव्हता तो, पाचरीवर घणाचा होता. लहान घणाचा. दोन हातांनी मारलेला घाव एकदाच वाजतो आणि विषय संपतो. हे घाव बारीक होते, एकाच्या मागं एक, धीरानं, एका हाताचे. आणि प्रत्येक घाव डावीकडून थोडा तिरका लागत होता. वहिनी, तुझा उजवा हात दुखावलेला आहे. कधीपासून, तेही मला आता कळतं. धार लावायच्या आठवड्यापासून.

मी उठलो. भिंतीवर हातही ठेवला. उडी मारून यायचं, तुझ्या हातातला घण काढून घ्यायचा, तुला गाडीत बसवायचं आणि थेट हार्टफर्ड, एवढं ठरलं होतं माझं. तेवढ्यात तुझा आवाज आला.

"ए, सरळ हो. सरळ हो म्हणते! ओनेझिमच्या आईचा जीव आलाय का तुझ्यात? चारी अंगांनी गाठच गाठ! पण मी तिच्याही हातून सुटले होते, तुला काय सोडते?"

आणि मग टण, टण, आणि एक लांबलचक करकर, जुनं दार उघडावं तशी. तो मेपल फुटल्याचा आवाज होता. दोन तुकडे पडले. आणि तू हसलीस. एकटीच.

वहिनी, ती माझीही आई होती. पण वर्णन चुकलेलं नाही.

मी परत खाली बसलो. आयुष्यात मी पुष्कळ यंत्रं ऐकली, त्यांतली चांगली चालणारी मला लगेच ओळखू येतात. त्यांना हात लावायचा नसतो. बाहेरून आलेला माणूस, कितीही शहाणा असला तरी, त्यांत स्क्रू फिरवून फक्त बिघाड करतो. ऊन उतरेपर्यंत मी तिथं ऐकत बसलो. मग दादाला म्हटलं, "तुझी बायको तुझ्यापेक्षा चांगलं फोडते रे." आणि निघून आलो.

निवाडा मात्र निवाड्यासारखाच करीन. ओलं ते ओलं. हे तुलाही आवडणार नाही असं समजून सांगतो: हरलीस तर मी जानीनला फोन करीन.

आल्सिद

---

सेंत-आमाब्ल, २७ ऑक्टोबर

आल्सिद,

भिंतीपलीकडून चोरून ऐकणाऱ्याला चहा मिळत नाही. मी तुला पाहिलं होतं. तुझी गाडी एवढी चकाकते की गाई चरायच्या थांबल्या. हाक मारली असती, पण तू उठून भिंतीवर हात ठेवलास तेव्हा मी घण घट्ट धरला आणि मनात म्हटलं, आता हा उडी मारतो की नाही यावर सगळं आहे. म्हणून जरा मोठ्यानं बोलले. तुझ्या आईला मध्ये ओढलं, ती माफ करील.

या पत्राबरोबर एक गाठोडं आहे. तीन जोड्या, सुतळीनं बांधलेल्या. अ‍ॅश, बर्च, मेपल. राशीच्या मधून काढलेल्या आहेत, वरच्या निवडून नव्हेत. आडेलला शपथ घालून तिच्याकडून काढवल्या. ती आता माझी हेर आहे.

आता खरं सांगते. जूनमध्ये मेपलची एक गाठाळ गंडेरी फोडताना पाचर उडाली आणि मनगटावर बसली. मोडलं नाही, पण सुजून प्लोयच्या पिठासारखं फुगलं. त्या आठवड्यात मी पायरीवर बसून ढिगाकडे बघत राहायचे. तू लिहिलंस ना, लाकडाकडे पाठ करून? ते खरं होतं. बघवत नव्हतं. तुझा ट्रक आला नसता तर कदाचित मी स्वतःच जानीनला लिहिलं असतं. पण गावानं टोप्या काढल्या, आणि मला असा राग आला की सोमवारी सकाळी मनगटाला पट्टी गुंडाळून मी डाव्या हातानं सुरू केलं. कापणं नाही, करवतीला दोन हात लागतात. नुसतं फोडणं, आणि तेही पाचरीनं. कापायचं उरलेलं ऑगस्टमध्ये उरकलं, सूज उतरल्यावर, रोज अर्धी टाकी. घणाचा दणका मात्र उजव्या हाताला सोसेना.

त्यामुळे मेपल उशिरा फुटला. बहुतेक सप्टेंबरात, तू ऐकलास तो त्यातलाच. अ‍ॅश आणि बर्च यंदाच्या खणात आहेत, खिळ्यापर्यंत, एक बोट वरच. मेपल दुसऱ्या खणात रचला आहे. ओनेझिमचं लाकूड संपल्यापासून तो खण रिकामा होता.

करारात तुझी ओळ काय आहे ते मला पाठ आहे. पडवीत जे असेल ते सगळं सुकं. मेपल बाहेर ताडपत्रीखाली ठेवता आला असता आणि तुला पाठवला नसता तरी चाललं असतं. पण पाऊस-बर्फ लागला तर तो वाया जाईल, आणि लाकूड वाया घालवून मी करार जिंकणार नाही.

वाजवून बघ. कुणाची बाजू घेऊ नकोस, हिवाळ्याचीसुद्धा.

बॅग मी पलंगाखालून काढून ठेवली आहे. भरलेली नाही.

देलिमा

---

लुइस्टन, १ नोव्हेंबर १९८१, सर्व संतांचा दिवस

वहिनी,

गाठोडं काल आलं. चर्चहून येईपर्यंत सोडलं नाही. रॉबेर जेवायला आला होता, त्याला सांगितलं, बोलू नकोस, फ्रीज बंद कर, त्याची घरघर मध्ये येते. "बाबा, हे लाकूड आहे की बॉम्ब?" म्हणाला. म्हटलं, एका बाईचं घर आहे. गप्प बस.

अ‍ॅशची जोडी एकमेकींवर आपटली. वहिनी, काय सांगू! चर्चच्या घंटेला धाकटी बहीण असती तर अशी बोलली असती. रॉबेरनं तेलाच्या धंद्यात असा आवाज कधी ऐकला नव्हता. "पुन्हा वाजवा," म्हणाला. पुन्हा वाजवली. बर्च जरा खालच्या सुरात, पण स्वच्छ, कुठं अडखळला नाही. तुकड्यांच्या टोकांना बारीक तडे, साल सुटत आलेली. फेब्रुवारीत शेगडीत घातलास तर धुराडं तुझे आभार मानेल.

मग मेपल.

बद्द. ओल्या पावावर पाव आपटावा तसा. दुसऱ्यांदा आपटला, बाजू फिरवून आपटला. बद्दच. रॉबेरनं माझ्याकडे बघितलं. "म्हणजे काकू हरल्या?"

करारात माझीच ओळ आहे, माझ्याच हातची, व्यापाऱ्याची. पडवीत ओलं लाकूड आहे. शब्दाला शब्द लावला तर तू हरलीस, आणि तू स्वतः ते बांधून, सुतळीला गाठ मारून मला पाठवलंस.

मी जेवलो नाही. ते दोन तुकडे समोर ठेवून बसलो. आणि मला एकदम तो दुसरा खण दिसला. लहानपणी मी तिथं लपायचो. दादाला एकदा विचारलं होतं, यंदाचं लाकूड तर त्या खणात आहे, मग हे ओलं कशाला रचतोस? म्हणाला, "हे पुढच्या सालचं. पुढच्या साली आपण इथंच असणार ना?"

वहिनी, जो माणूस जायला निघालेला असतो तो ओलं लाकूड रचत नाही. मनगट दुखत असताना, घण डाव्या हातात धरून, पुढच्या सालाचा हिवाळा कडेकडेनं सोलत बसत नाही. मी करारात ती ओळ घातली तेव्हा ओलं लाकूड म्हणजे लबाडी एवढंच मला माहीत होतं. ओळ चुकीची होती. खोडली.

तेव्हा निवाडा असा. यंदाचं लाकूड सुकं, खिळ्याच्या वर एक बोट. पुढच्या सालचं लाकूड ओलं, आणि ते तसंच असायला हवं. जानीनला मघाशी फोन केला. हवापाण्यापासून सुरुवात केली, म्हणून तीही घाबरली. सगळं ऐकून म्हणाली, "काका, त्या खोलीचं मग काय करू?" म्हटलं, रंग बदल. नाताळात तुझी आई चार दिवस येईल, फिकट पिवळ्यात तिला बरं वाटत नाही.

बॅग पलंगाखाली सरकव.

अ‍ॅश आणि बर्च मी शेगडीशिवायच्या या घरात काय करू? रॉबेर घेऊन गेला, बायकोला वाजवून दाखवायला. मेपलची जोडी मात्र परत पाठवत नाही. स्वयंपाकघरात ठेवली तर हीटरच्या उबेनं झटपट सुकेल, ती फसवणूक होईल. म्हणून मागच्या गच्चीत छपराखाली ठेवली आहे, मातीला न लावता, खाली दोन काड्या घालून, वाऱ्यावर. तुझ्या पडवीतल्या तिच्या बहिणींसारखी.

पुढच्या सर्व संतांच्या दिवशी वाजवीन. तू फोन उचल, आपण दोघं मिळून ऐकू.

तुझा दीर,
आल्सिद